सामरी आपल्याच जिल्ह्यातला

आजचा एपिसोड हेडफोन लावूनच ऐका. मी पनवेलला घरी रेकॉर्ड करतोय, मध्येच लोकलचा भोंगा वाजला तर दचकू नका, ते आमचं इफेक्ट नाही.

‘पुराना मंदिर’चं नाव काढलं की माझी आई आजही विषय बदलते. लहानपणी तिने तो भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला आणि पुढे दोन आठवडे परसाकडे जाताना आजीला सोबत नेलं. म्हणून म्हटलं, ही भीती आली कुठून ते शोधू.

हिंदीत भुताटकीचा सिनेमा म्हटलं की आधी ‘महल’ आठवतो, 1949 चा, मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा. कॅमेरा जर्मन जोसेफ विर्शिंगचा. त्या सावल्या बघाच! पण शेवटी कळतं की भूत वगैरे काही नव्हतंच. मला तर फसवल्यासारखं वाटलं.

मग आले रामसे. 1970 मध्ये त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला. पण सैतानी मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर पडद्यावर आले की थिएटर हादरायचं. भावांनी ते हेरलं. लोकांना तेवढंच हवंय ना? मग अख्खा पिक्चरच तसा करू! सगळं खटलं घेऊन मंडळी महाबळेश्वरला गेली, आणि 1972 मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला. तुलसी-श्याम दिग्दर्शक, गंगूकडे कॅमेरा, किरणकडे आवाज, कुमारची पटकथा. सात भाऊ, म्हणजे घरातच युनिट! समीक्षकांनी नाकं मुरडली, पण तिकिटं खपली. माझ्या मते निम्मी भीती किरणच्या आवाजात आहे. डोळे मिटून घेता येतात हो, कान नाही.

‘पुराना मंदिर’ 1984 चा. त्यातला सामरी मात्र खराखुरा सैतान, शीर वेगळं, धड वेगळं. तो साकारणारे अनिरुद्ध अगरवाल शिक्षणाने इंजिनिअर! आणि तो वाडा? मुरुडच्या नवाबाचा राजवाडा. म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातला.

हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, त्या रस्त्याने मी कितीदा एसटीने गेलेय!”

मागच्या महिन्यात तिला तिकडे घेऊन गेलो. राजवाडा खासगी आहे, बाहेरूनच बघायचा. मी फोटो काढत होतो. आई गाडीतून उतरलीच नाही. काचही खाली केली नाही.