हुलगा: कोरडवाहू मुलखातले पीठ

पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मुलखात गरिबाघरचे जेवण केवळ धान्याच्या भावावर ठरत नसे. ते शिजायला सरपण किती लागते आणि दिवसभर शेतात राबून परतलेल्या बाईच्या हाताशी वेळ किती उरतो, यांवरही ते ठरत असे. देशावर हुलगा आणि कोकणात कुळीथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कडधान्याचा इतिहास या दोन गोष्टी बाजूला ठेवून सांगता येत नाही.

हे कडधान्य दख्खनच्या पठारावर फार जुने आहे. कर्नाटकातील संगनकल्लू आणि हल्लूर येथील नवाश्मयुगीन वसाहतींत, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, मूग आणि हुलगा ही प्रमुख कडधान्ये होती. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 पासून केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली, आणि तेथील जळून कोळसा झालेल्या धान्यांतही कुळथाचे दाणे आहेत. एवढा काळ हे पीक टिकले याचे कारण त्याच्या काटकपणात आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत ते येते, पाऊस लांबला तरी उशिरा पेरता येते, आणि कोकणात तर भात कापल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवरच ते वाढते. अवर्षणग्रस्त भागासाठी तयार झालेल्या हुलग्याच्या सुधारित वाणांना सीना आणि माण या दुष्काळी पट्ट्यातील नद्यांची नावे मिळाली, हे फार समर्पक आहे.

शेतात सोपे असलेले हे धान्य चुलीवर मात्र सोपे नाही. दाणा कठीण, शिजायला वेळ घेणारा. रोज आख्खे हुलगे शिजवायचे तर सरपणाचा खर्च धान्याच्या खर्चाला गाठेल. यावर घरोघरच्या बायकांनी शोधलेला तोडगा असा, की दाणे एकदाच भाजून, जात्यावर भरडून, पाखडून टरफल काढायचे आणि डाळीचे पीठ करून डब्यात भरून ठेवायचे. जळण आणि कष्ट एकाच दिवशी खर्ची पडत, आणि पुढचे कितीतरी दिवस लसणाची फोडणी, पाणी, आमसूल आणि मूठभर पीठ एवढ्यावर कोकणातली कुळथाची पिठी थोड्या वेळात तयार होई. भाताबरोबर ओरपून खाण्याइतकी ती पातळ ठेवली जाते, त्यामुळे थोडे पीठ अनेक ताटांना पुरते.

देशावरचे शेंगोळे हे याच पिठाचे अधिक कसबी रूप. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे, मिरची आणि मीठ वाटून घालतात, मळताना ते फुटू नये म्हणून थोडी कणीक मिसळतात, आणि घट्ट गोळ्याच्या बोटाएवढ्या जाड वळ्या करून त्यांची टोके जुळवतात. ही कडी फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात सोडली की शिजता शिजता त्यांचे थोडे पीठ पाण्यात उतरते आणि रस्सा आपोआप दाट होतो. भाजी, आमटी आणि पोटाला आधार देणारा पदार्थ असे तिन्ही एकाच भांड्यात मिळते. माडगे, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज, गूळ घालून किंवा तिखटमिठाचे करून थंडीत, सर्दी-पडशात घेतले जाते. आख्खे हुलगे शिजवलेच, तर वरचे पाणी निथळून लसूण-आमसुलाचे कळण आणि उरलेल्या दाण्यांची उसळ होई. एका जाळावर दोन पदार्थ. आयुर्वेदानेही कुलत्थ उष्ण मानून मूतखड्यावर सांगितला आहे, तेव्हा या धान्याकडे केवळ नाइलाजाचे अन्न म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.

तरीही त्याची हेटाळणी झाली. घोड्याबैलांना उकडून घालण्याचे धान्य हीच त्याची बाजारातली ओळख होती, आणि खाण्यातील प्रतिष्ठा अशा गोष्टींवर ठरते. लोकांच्या बोलण्यात त्याची गणना दुष्काळी अन्नात होते, पण हा शब्द येथे नेमका लागू पडत नाही. 1972 च्या दुष्काळात माणसांनी खाल्ले ते रेशनवरचे लाल मिलो, म्हणजे आयात केलेली ज्वारी, आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक गोडसर पीठ. ती दोन्ही बाहेरून आली आणि दुष्काळाबरोबर ओसरली. हुलगा हे बऱ्यावाईट दोन्ही वर्षांतले घरचे अन्न होते. त्याला मागे सारले ते रेशनच्या गहू-तांदळाने आणि हरभऱ्याने. 1995 मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली, तेव्हा गरिबाच्या ताटाचे प्रतीक म्हणून हरभऱ्याच्या पिठाला मान मिळाला; हुलग्याचे शेंगोळे कोणाला आठवले नाहीत.

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापडगिरण्यांच्या वस्तीत, मात्र कोकणातून आलेल्या कामगारांनी हे पीठ जपले. शिमग्या-गणपतीला गावी गेलेला चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरी करणारा कोकणी माणूस, परतताना पिठीची पुरचुंडी हमखास आणी. खोलीत भाजी नसली तरी भात आणि पिठीवर रात्र निभावत असे. आज त्याच शहरात कोकणी मालाच्या दुकानांत कुळथाचे पीठ बेसनाहून चढ्या भावाने विकले जाते.