जड पाणी आणि घरगुती उपकरणे (लातूर–नांदेड)

जड पाणी : कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक प्रमाणात विरघळलेले पाणी; शालेय पुस्तकांत यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. साबणाला फेस येत नाही, वाळलेल्या भांड्यांवर पांढरे डाग उरतात आणि तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाणेदार राहते. डाळीच्या पेशीभित्तिकेतील पेक्टिनला कॅल्शियम घट्ट बांधून ठेवते, म्हणून ती गळत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजलेला) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो.

मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, खडकांच्या भेगांतून मुरते आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवते. काळ्या मातीतील चुनखडीचे खडे त्यात भर घालतात. पाणी खडकात जितके जास्त काळ राहते, तितके साधारणपणे ते अधिक जड होते. उलट धरणाचे व नदीचे पाणी तुलनेने मऊ असते. म्हणून ‘लातूरचे पाणी जड’ असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. लातूर शहराला धनेगावच्या मांजरा धरणातून आणि नांदेडला गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पातून पाणी मिळते; नळाला पाणी नसले की घरे बोअर व टँकरवर येतात. २०१६ च्या दुष्काळात मांजरा आटले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात पोहोचली. अशा वर्षांत वापराचे पाणी बहुतांशी जमिनीखालूनच येते, आणि गिझर, वॉशिंग मशीन, कूलर यांचे आयुष्य तेव्हाच झपाट्याने सरते. यंत्र कोणत्या कंपनीचे यापेक्षा त्यात कोणत्या स्रोताचे पाणी पडते, हे इथे जास्त महत्त्वाचे. महापालिकेच्या शुद्धीकरणाने यात फरक पडत नाही; तुरटीने गाळ बसतो, क्लोरिनने जंतू मरतात, जडपणा आहे तसाच राहतो.

पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. गिझरच्या कॉईलवर बसणारा पांढरा थर तो हाच. वीजबिल वाढते अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण टाकीच्या गिझरमध्ये उष्णता शेवटी पाण्यातच उतरते, त्यामुळे खरे नुकसान कॉईलचे होते. थरामुळे उष्णता बाहेर पडायला अडते, कॉईल आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस जळते. सुटलेले पोपडे टाकीच्या तळाशी साचतात. सेफ्टी व्हॉल्व्ह चुन्याने जाम होणे हे मात्र धोक्याचे आहे. तो वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावा. तापमान ५०–५५ अंशांवर ठेवले तर थर सावकाश धरतो. गॅस गिझरमध्ये बारीक नळ्या चोंदून धार कमी होते आणि उष्णता धुराबरोबर वाया जाते.

उन्हाळ्यात सर्वाधिक चुना साठतो तो कूलरमध्ये, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. पाणी उडून जाते, क्षार एकूण एक मागे राहतात. जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम धरला आणि दिवसाला ४० लिटर पाणी उडाले, तर रोज १६ ग्रॅम, महिन्याला जवळपास अर्धा किलो चुना मागे उरतो. तो ताट्यांवर बसून गवत कडक, ठिसूळ करतो, मोटरपंपाची जाळी बुजवतो. हवा अडते आणि मे महिन्यात कूलर नुसता पंखा उरतो. टाकीत वरून भर घालत राहिल्याने क्षार घट्ट होत जातात. दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करणे हाच उपाय. टंचाईत तो जिवावर येतो, तेव्हा ते पाणी निदान फरशी वा संडास धुण्यासाठी ठेवावे.

वॉशिंग मशीनमध्ये कॅल्शियम साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार होतो. कपडे राठ, करडे होतात, पाणी आत येण्याच्या जाळीत चुना अडकतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचे पाणी कधीच घालू नये, डिस्टिल्ड वॉटरच लागते. सोलर हीटरच्या तांब्याच्या नळ्या या पाण्याने चोंदतात. काचनळ्यांचा प्रकार त्यामानाने टिकतो.

बसलेला चुना लिंबूसत्त्व वा व्हिनेगरने फसफसत सुटतो. बाथरूमचे ॲसिड वापरू नये. ते धातू खाते, आणि ब्लीचिंगशी मिसळले तर विषारी क्लोरिन वायू निघतो.

विक्रेते दारात येऊन टीडीएस मीटर बुडवून दाखवतात. तो आकडा सर्व विरघळलेल्या क्षारांचा असतो, जडपणाचा नव्हे. जडपणासाठी प्रयोगशाळेची किंवा थेंबांच्या किटची तपासणी लागते. आरओने पिण्याचे पाणी मऊ होते, गिझरला त्याचा उपयोग शून्य. शिवाय घरगुती आरओ लिटरभर पाण्यामागे बहुधा दोन-तीन लिटर बाहेर टाकतो; पाणीटंचाईच्या जिल्ह्यात ते गटारात सोडणे अक्षम्य आहे. ते फरशीला चालते, कूलरला मुळीच नाही. कूलरला आणि इस्त्रीला छतावरून साठवलेले पावसाचे पाणी उत्तम, कारण त्यात जडपणा जवळजवळ नसतोच.

सगळ्या घराचे पाणी मऊ करायचे तर रेझिनचा सॉफ्टनर लागतो. रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते व बदल्यात सोडियम सोडते. ठरावीक काळाने मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे करावे लागते. या धुण्याचे खारे पाणी बागेत किंवा शेतात सोडू नये. सोडियमने काळी जमीन चोपण होते.