जुन्या शिडाच्या नौकेला बूम व्हँग बसवावा का?

पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या शिडाच्या नौका सप्टेंबरअखेरीस पुन्हा पाण्यात उतरवण्याची तयारी सुरू होते. रंग, दोर आणि सांधे तपासताना जुन्या नौकेच्या मालकासमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो : हिला व्हँग नाही, तो बसवून घ्यावा का?

मुख्य शिडाचा तळ ज्या आडव्या दांड्याला बांधलेला असतो, तो बूम. या बुमाच्या खालच्या बाजूपासून डोलकाठीच्या बुडापर्यंत तिरका ताणलेला कप्पी-दोर म्हणजे बूम व्हँग. क्लबांतील मंडळी त्याला ‘किकर’ही म्हणतात. कोकण-गोव्याच्या पारंपरिक गलबतांचे शीड वरच्या तिरक्या काठीवरून सोडलेले असे. त्याला बूमच नसल्यामुळे ही अडचणही नव्हती आणि तिच्यासाठी आपल्याकडे शब्दही घडला नाही.

व्हँगचे काम एकच, बूम वर उचलू न देणे. वाऱ्याच्या तोंडाकडे जाताना शीड आत ओढलेले असते आणि मेनशीटचा दोरच बुमाला खाली धरतो. वारा मागून येऊ लागला की शीट सैल सोडावी लागते. बूम बाहेर जातो, शीट त्याला केवळ आतल्या बाजूस ओढते आणि बूम वर चढू लागतो. शिडाचा वरचा भाग पिळवटून पुढे झुकतो, डोलकाठीच्या ताणतारांवर घासतो. नौका दोन्ही बाजूंना डोलू लागते. अशा वेळी बूम अवचित एका बाजूकडून दुसरीकडे फेकला गेला, तर शिडाचा खालचा अर्धा भाग ओलांडतो आणि वरचा मागेच अडकतो. दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात समुद्राकडून दोना पावलला वळसा घालून जुवारीत शिरणाऱ्याला हे नवे नाही. त्यातून ओहोटी लागलेली असेल, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेथे व्हँग ही शर्यतवाल्यांची हौस राहत नाही.

तरीही तो बसवण्याआधी थोडे गणित मांडावे. बुमाच्या टोकाला ५० किलोइतका खालचा ओढ हवा आहे आणि व्हँग बुमाच्या लांबीच्या पाव अंतरावर जोडला आहे, असे समजू. त्या जागी खाली २०० किलोचा जोर लागेल. व्हँग ४५ अंशांत तिरका असेल, तर दोरातील ताण सुमारे २८३ किलो होतो आणि बूम डोलकाठीवर २०० किलोच्या जोराने रेटला जातो. बूम बुटका असून कोन ३० अंशांवर आला, तर ताण ४०० आणि रेटा जवळजवळ ३५० किलो. हा सारा भार बूम व डोलकाठी यांना जोडणाऱ्या बिजागरीवर, म्हणजे गूजनेकवर येतो.

जुनी नौका म्हणजे दुबळी नौका नव्हे. मुंबईत सागवानात बांधलेल्या सुमारे ९.८ मीटरच्या ‘सुहैली’ने १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना ३१२ दिवसांत, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा घडवली. तिची प्रतिकृती ‘तुरीया’ आपल्या गोव्यातच बांधली गेली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने अभिलाष टॉमी यांच्या या नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या. नौका मात्र तरंगत राहिली. त्या वादळाचा व्हँगशी संबंध नाही, पण बळ कोठे असते आणि कोठे नसते, हे त्यातून दिसते. जुन्या नौकेत सांगाड्याची नव्हे, धातूच्या लहान जोडांची काळजी घ्यायची.

साठ-सत्तरच्या दशकांतील पुष्कळ नौकांवर गूजनेक रुळावर वरखाली सरकतो. व्हँगचा भार येताच तो खाली घसरतो. म्हणून त्याला आधी पक्का अडसर हवा. काही नौकांत शीड कमी करण्यासाठी बूमच फिरवून त्यावर शीड गुंडाळतात. अशा बुमाला पट्टी ठोकली, तर फिरण्याची सोय गेली. त्यावर शिडाबाहेरून बसणारी नखीदार कडी वापरता येते, पण ती शिडाला चावते. अशा वेळी शीड दोऱ्यांनी आवळून लहान करण्याची पद्धत स्वीकारणे आणि बूम कायमचा स्थिर करणे अधिक शहाणपणाचे. लाकडी बुमाला स्क्रूने भोके पाडण्यापेक्षा मजबूत कापडी पट्ट्याचा वेढा द्यावा. अॅल्युमिनियमवर पोलादी पट्टी बसवायची, तर मध्ये नायलॉनचा थर हवाच. आपल्या खाऱ्या, दमट हवेत दोन धातूंचा थेट संपर्क थोड्याच ऋतूंत अॅल्युमिनियम पोखरतो.

ताठ, स्प्रिंगचा व्हँग बुमाला खालून तोलूनही धरतो. शीड उतरवताना बूम कोणाच्या डोक्यावर येत नाही, ही त्याची खरी सोय. मात्र ती सोय वरून बूम धरणारी साधी दोरीही करते. जुन्या नौकेसाठी आमचे मत कप्पी-दोराच्या बाजूचे आहे. चौपट कप्पीने २८३ किलोंसाठी हाताला सत्तरएक किलो ओढावे लागते, घर्षण वेगळेच. त्यामुळे नऊ-दहा मीटरच्या नौकेला आठपट जोडणी घ्यावी. दोर न ताणणारा पॉलिस्टरचा असावा. खालची कडी डेकवर नव्हे, तर डोलकाठीच्या बुडाशीच हवी. अन्यथा बूम बाहेर जाताच ताण बदलतो आणि डेक उचलला जातो.

दोराचे सुटे टोक सुकाणूपाशी आणावे आणि ते एका झटक्यात सुटले पाहिजे. नौका कलून बुमाचे टोक पाण्यात शिरले आणि व्हँग आवळलेलाच राहिला, तर बूम नेमका व्हँगच्या जोडापाशी मोडतो. व्हँगने बुमाचे आडवे फेकले जाणेही थांबत नाही. त्यासाठी बुमाच्या टोकापासून नाळेकडे नेलेला वेगळा दोर लागतो.

मांडवी-जुवारीच्या आत, हलक्या वाऱ्यात, सकाळच्या फेरीपुरती नौका काढणाऱ्याने आणि ज्याचे शीडच ताणून पोतेरे झाले आहे त्याने हा खर्च पुढे ढकलावा. ताणलेल्या शिडाचा आकार व्हँगने परत येत नाही. अग्वादच्या तोंडाबाहेर दुपारी जाणाऱ्याने मात्र याच ऋतूत तो बसवावा, पण गूजनेकची खीळ काढून, तिची झीज बोटाने तपासून, गरज पडल्यास ती बदलून मगच.