मुंबईतील दैनंदिन प्रवास

राहते घर व कामाचे ठिकाण यांतील अंतर वाढत गेल्याने मुंबईत रूढ झालेली रोजची ये-जा. एकोणिसाव्या शतकात बहुसंख्य गिरणीकामगार गिरणीलगतच्या चाळींत राहत व पायी कामावर जात. बोरीबंदर-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये, तर घोड्यांची ट्रॅम १८७४ मध्ये सुरू झाली. विजेवरील ट्रॅम (१९०७), विजेवरील उपनगरी गाडी (१९२५) व बस (१९२६) यांमुळे दूर राहून शहरात नोकरी करणे सुकर झाले. वाहनाने इच्छित स्थळी पोहोचवावे, एवढ्यावर प्रवाशाचे समाधान होईना. त्याला वक्तशीरपणा हवासा झाला. मासिक पास आणि नेमकी गाडी यांभोवती कुटुंबाचा दिनक्रम आखला गेला.

ट्रॅम १९६४ मध्ये बंद झाली. वस्ती विरार, कल्याणपलीकडे पसरली. कचेऱ्या मात्र दीर्घकाळ दक्षिण भागातच एकवटलेल्या राहिल्या. नोकरदार स्त्रियांची संख्या वाढल्याने १९९२ मध्ये महिला विशेष गाडी सुरू झाली. मेट्रो (२०१४) व वातानुकूलित उपनगरी गाडी (२०१७) यांनी सुखसोयींची अपेक्षा रुजविली. तथापि त्यांचे भाडे साध्या गाडीच्या दुसऱ्या वर्गाहून अधिक असल्याने हा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या गाड्यांतून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले आणि स्वयंचलित दारांचा प्रश्न ऐरणीवर आला. उघड्या दारांमुळे वारा खेळतो, चढउतार झटपट होते आणि दाराला लटकूनही काहींना जाता येते. म्हणून फेऱ्या व डबे वाढविल्यावाचून दारे बंद केल्यास काही प्रवासी फलाटावरच राहतील. सुरक्षिततेची अपेक्षा अशा रीतीने वाहतूकक्षमतेशी निगडित आहे.