लॉस एंजलिसची लोकवाहतूक

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजलिस हें शहर म्हणजे मोटारींचें माहेरघर, अशी त्याची ख्याति आहे. तेथील रुंद हमरस्ते आणि मैलोगणती पसरलेली वस्ती पाहून हें शहर मोटारीनेंच वसविलें असावें, असा कोणाचाहि समज व्हावा. वस्तुतः तें वसविलें विजेच्या ट्रामगाडीनें.

हेन्री हंटिंग्टन या धनिकानें १८९८ सालीं शहरांतील ट्राम कंपनी विकत घेतली आणि १९०१ सालीं ‘पॅसिफिक इलेक्ट्रिक’ ही दुसरी कंपनी स्थापिली. पहिलीच्या पिवळ्या गाड्या शहरांत फिरत. दुसरीच्या तांबड्या गाड्या समुद्रकिनाऱ्यावरील व डोंगरपायथ्याच्या गांवांपर्यंत जात. भरभराटीच्या काळांत या तांबड्या गाड्यांचे रूळ सुमारें १००० मैल पसरले होते. परंतु हंटिंग्टनचा खरा व्यापार जमिनीचा होता. ओसाड माळ स्वस्तांत घ्यावा, तेथवर गाडी न्यावी आणि मग त्याचे तुकडे पाडून चढ्या भावानें विकावे, असा तो क्रम. तिकिटांत नफा झाला नाहीं, तरी जमिनींत होई. जमीन विकून संपली, तेव्हां गाडी मात्र पोरकी झाली.

घरें अशीं दूरदूर पसरल्यावर लोकांना मोटार सोयीची वाटूं लागली. १९२० नंतर मोटारी इतक्या वाढल्या कीं, त्यांच्या गर्दींत ट्राम अडकून पडे. गाडीला उशीर होतो म्हणून उतारू मोटार घेई, आणि मोटारी वाढल्या म्हणून गाडीला आणखी उशीर होई. १९२५ सालीं तज्ज्ञांनीं भुयारी व उंचावरील लोहमार्गांची योजना मांडली. ती कागदावरच राहिली.

१९४५ सालीं पिवळ्या गाड्या ‘नॅशनल सिटी लाइन्स’च्या एका उपकंपनीकडे गेल्या. मोटारी, टायर व तेल यांचे मोठे कारखानदार तिचे पाठीराखे होते. बसगाड्या व त्यांस लागणारा माल विकण्याची मक्तेदारी मिळविण्याचा कट केल्याबद्दल १९४९ सालीं शिकागोच्या न्यायालयांत ते दोषी ठरले. ट्राम त्यांनींच मारली, असें पुष्कळजण मानतात. पण तांबड्या गाड्या ‘नॅशनल सिटी लाइन्स’च्या मालकीच्या कधींच नव्हत्या, तरीहि त्या बुडाल्या. रोग जुना होता.

शेजारच्या सँटा मोनिका व कल्व्हर सिटी या नगरांनीं १९२८ सालींच स्वतःच्या बसगाड्या सुरू केल्या होत्या. लॉस एंजलिसला सार्वजनिक मंडळ मिळालें तें १९५१ सालीं, आणि कंपन्यांचा कारभार त्याच्या हातीं आला १९५८ सालीं. तोंवर वेळ निघून गेली होती. १९६१ च्या एप्रिलमध्यें लाँग बीचची शेवटची तांबडी गाडी धांवली. १९६३ च्या मार्चअखेर पिवळ्याहि बंद झाल्या. १९६४ सालीं आलेल्या नव्या मंडळानें लोहमार्गासाठीं विक्रीकर मागितला, पण १९६८ व १९७४ सालीं मतदारांनीं तो नाकारला. १९८० सालीं मात्र अर्धा टक्का कर मंजूर झाला. त्या पैशांतून १९८२ पासून तीन वर्षें बसचें भाडें ८५ सेंटांवरून ५० सेंटांवर आणलें, आणि उतारूंची संख्या झपाट्यानें वाढली.

१९९० च्या जुलैमध्यें लाँग बीचची गाडी पुन्हां सुरू झाली, ती बरीचशी जुन्या तांबड्या गाडीच्याच वाटेनें. नव्या लोहमार्गांवर कोट्यवधि डॉलर खर्च होत असतां १९९४ सालीं मंडळानें बसचें भाडें वाढविण्याचें व मासिक पास बंद करण्याचें ठरविलें. बसचे उतारू बहुतेक गरीब व गौरेतर होते. त्यांच्या संघटनेनें न्यायालयाची पायरी चढली. १९९६ सालीं झालेल्या तडजोडींत पास राहिला व गर्दी कमी करण्यासाठीं जादा बसगाड्यांचें वचन मिळालें.

पुढें २००८ व २०१६ सालीं नागरिकांनीं आणखी कर स्वतःवर लादून घेतले. जी वाहतूक एके काळीं जमीन खपविण्याचें साधन होती, ती आतां लोकांच्या पैशानें पुन्हां उभारली जात आहे. मात्र ज्याच्या दारीं मोटार नाहीं, त्याला कामावर वेळेवर व परवडेल अशा दरांत पोंचतां येतें कीं नाहीं, याच कसोटीवर तिचें यश मोजावें लागेल.