आपल्याने होईल काय?

नगर-मनमाड रस्त्याने जाणारा प्रवासी कोल्हारजवळ प्रवरेचा पूल ओलांडतो, भगवतीमातेला हात जोडतो आणि पुढे निघून जातो. दुतर्फा दिसणारी हिरवी शेते येथे अनादिकालापासून असावीत, असा त्याचा समज होतो. वास्तविक ही हिरवळ फार तर शंभर-सव्वाशे वर्षांची. प्रवरेचे कालवे निघाले, १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि मग या कोरडवाहू मुलखात ऊस उभा राहिला. परंतु नुसते पाणी आले म्हणजे बाग फुलत नाही. त्या पाण्यावर भांडवल घालून, जोखीम पत्करून धंदा करणारा माणूस लागतो. त्या माणसाची, आणि त्याच्या मनात उठणाऱ्या एका प्रश्नाची हकीकत आम्ही यंदा ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. तो प्रश्न असा : “आपल्याने होईल काय?”

हा विषय निवडण्यास कारण घडले. आपल्या वधू-वर मेळाव्यात “मुलगा काय करतो?” असे विचारले जाते. “नोकरी” म्हणताना बापाचा आवाज खणखणीत असतो. “स्वतःचा व्यवसाय” म्हणताना तोच आवाज खाली येतो. कोणाची रोपवाटिका आहे, कोणाचे दुरुस्तीचे दुकान. कोणाची लेक घरी बसून व्यापाऱ्यांच्या वह्या लिहून देते. काम चोख असते, पण मोल सांगण्याची वेळ आली की जीभ अडखळते, आणि गिऱ्हाइकाने घासाघीस करण्यापूर्वीच ही मुले आपला दर स्वतःच उतरवितात. एखादा हंगाम वाईट गेला की “आपला हा पिंडच नव्हे” असे म्हणून दुकानाला कुलूप लागते. आम्हांस वाटते, हा पिंडाचा दोष नसून इतिहासाच्या विस्मरणाचा दोष आहे.

आपल्या समाजात सावता महाराजांचे नाव घेतल्याशिवाय कोणत्याही कार्याचा आरंभ होत नाही. अरणच्या त्या संताने मळ्यातील कामातच देव पाहिला. आपला धंदा हलका, ही भावना त्यांच्या पायाशी बसणाऱ्याने मनात आणूच नये. पण ही भावना आपल्या मनात येते तरी कोठून? याचे उत्तर महात्मा जोतीराव फुले यांच्या बालपणात सापडते.

जोतीरावांचे वडील गोविंदराव हे पुण्यात फुलांचा व भाजीपाल्याचा व्यवसाय करीत. घराणे मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे, तेथून पुरंदर तालुक्यातील खानवडीस व पुढे पुण्यास आलेले. मुलगा शाळेत चमकू लागला, तेव्हा एका कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरविले की, शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाही. बापाने मुलाला शाळेतून काढले. पुढे गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब या दोघा शेजाऱ्यांनी समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शंका गोविंदरावांच्या घरात जन्मली नव्हती; ती बाहेरून आणून ठेवलेली होती. आपल्या मनातील पुष्कळशा शंका अशाच दुसऱ्याच्या आवाजात बोलत असतात.

समाजसुधारक जोतीराव सर्वांस ठाऊक आहेत; व्यावसायिक जोतीराव फारच थोड्यांना. शाळा चालविणे व सत्यशोधक समाज स्थापणे या कार्यांबरोबरच त्यांनी पोटासाठी व कार्यासाठी स्वतंत्र धंदा केला. सरकारी बांधकामांची कंत्राटे त्यांनी घेतली. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. धातूंच्या ओतकामास लागणाऱ्या साहित्याची विक्री त्यांनी केली. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाच्या संस्थेत ते प्रमुख होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना त्यांनी आपल्या नावाखाली प्रथम “व्यापारी” आणि मग “शेतकरी” व “नगरपालिकेचे सदस्य” अशी ओळख लिहिली. त्यांचा आवाज खाली आला नाही! १८८८ साली अर्धांगवायूने उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लेखणी धरून ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ पुरा केला. उत्तरायुष्यात त्यांना पैशाची चणचण भासली, हेही खरे. परंतु तेवढ्यावरून त्यांचे कर्तृत्व उणे ठरविण्यास कोण धजेल? तोटा हा वहीतील आकडा आहे. तो माणसाच्या योग्यतेवरील निकाल नव्हे.

यानंतरचा अध्याय सासवडच्या माळ्यांचा. १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला. पाणी आले, पण पाटपाण्यावरील उसाचा खर्च व जोखीम पाहून स्थानिक शेतकरी बिचकत होते. सासवडकर माळ्यांना विहिरीवरच्या बागायतीची विद्या अवगत होती. ते बायकापोरांसह तेथे गेले, दुसऱ्याच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि ऊस लावून गुऱ्हाळे घातली. पुढे गोदावरी व प्रवरेचे कालवे निघाले तेव्हा त्यांच्यापैकी काही आपल्या नगर जिल्ह्यात उतरले. ज्या जमिनीत आपले नाव नाही तीत घाम आणि कर्जाऊ पैसा ओतायचा, हे धैर्य सामान्य नव्हे.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. गूळ करावा तर तोटा, न करावा तर ऊस वाळतो, अशी अवस्था आली. १९३२ साली साखरधंद्यास सरकारी संरक्षण मिळाले, आणि त्याच वर्षी या मंडळींनी एकत्र येऊन दि सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी स्थापन केली. साखर कारखाना म्हणजे मोठ्या भांडवलवाल्यांचा प्रांत, असे मानण्याचे ते दिवस होते. आपल्या भागातही हरेगावास बेलापूर कंपनीचाच कारखाना होता. तरीही सोलापूर जिल्ह्यात नीरेच्या उजव्या कालव्यावर माळीनगर वसले आणि १९३४ साली ऊस पिकविणाऱ्यांच्या मालकीचा कारखाना सुरू झाला.

हे धाडस आंधळे होते काय? मुळीच नाही. जमिनीची पारख, मजुरांची व्यवस्था, पाण्याच्या पाळ्या, उचल, व्याज, बाजारभाव यांचा अनुभव त्यांनी सुमारे पन्नास वर्षे घेतला होता. कारखाना ही त्यांच्यासाठी अज्ञात उडी नव्हती; चढत आलेल्या जिन्याची ती पुढची पायरी होती. फक्त ती पायरी उंच दिसत होती.

हाच धडा आपल्या उंबरठ्यावर पुन्हा गिरविला गेला, आणि तो केवळ एका ज्ञातीचा राहिला नाही. कोल्हारशेजारच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली सहकारी पतपेढी काढली. शालेय शिक्षण बेताचे, पण सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्याची वही त्यांना मुखोद्गत होती. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे बागाइतदारांची परिषद भरली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन लाभले. शेतकरी कारखाना कसा चालविणार, या शंकेला तोंड देत गावोगाव भागभांडवल गोळा झाले, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा सहकारी साखर कारखान्याची चाके फिरली. आरंभीची वर्षे अध्यक्षपद गाडगीळांकडे व उपाध्यक्षपद विखे पाटलांकडे होते. आपल्याला जे येत नाही ते जाणत्याकडून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पतपेढीपासून कारखान्यापर्यंत सत्तावीस वर्षे लागली. आपली मुले मात्र सत्तावीस महिन्यांत स्वतःला नापास करून मोकळी होतात!

या साऱ्या हकीकतीतून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, शंका येणे हा दुबळेपणा नव्हे. ज्याने स्वतःचे पैसे घातले त्यालाच ती येते. पण शंकेशी वाद मनात घालू नये, वहीवर घालावा. “मी लायक आहे काय?” या प्रश्नाला अंत नाही, “या महिन्यात किती आले, किती गेले, कोणते गिऱ्हाईक परत आले?” या प्रश्नांना उत्तर आहे. हिशेब वाईट निघाला तर दर, माल किंवा पद्धत बदलावी. प्रसंगी तो धंदा सोडून दुसराही धरावा. स्वतःला मोडीत काढण्याचे कारण नाही.

समाजाकडेही आमचे एक मागणे आहे. शंका घालणाऱ्या कारकुनाचे काम करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. समजूत घालणाऱ्या शेजाऱ्याचे काम करणारे वाढावेत. ज्ञातिबांधवाच्या दुकानी जाऊन उधारी मागण्याऐवजी रोख माल घ्यावा, आणि जुन्या व्यावसायिकांनी आपली खोट खाल्लेली वर्षेही तरुणांना मोकळेपणाने सांगावीत. पुढील मेळाव्यात “मुलगा काय करतो?” या प्रश्नाला एखाद्या बापाने मान ताठ ठेवून “स्वतःचा धंदा करतो” असे उत्तर दिले, तर यंदाच्या या लेखाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.