आमच्या किनाऱ्यावरील टेलिफोन

मालवणच्या माणसाला हळू बोलता येत नाही, असा आमचा लौकिक आहे. कोणी याचे खापर समुद्राच्या गाजेवर फोडतात, कोणी सोलकढीतल्या मिरचीवर. आमचे मत निराळे आहे. आमच्या मागच्या पिढ्या दूरच्या माणसाशी बोलायला शिकल्या त्या ट्रंक कॉलवर, आणि ट्रंक कॉलवर जो हळू बोलला त्याचे पैसे बुडाले!

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला इतिहासावर बोलायला सांगितले तेव्हा आम्ही प्रथम बिचकलोच. आमचे शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातले. सिंधुदुर्ग किल्ल्याचा इतिहास सांगणारे जाणकार या गावात पुष्कळ आहेत, त्यांच्या वाटेला आम्ही जात नाही. पण किल्ल्याला तट असतो तसा टेलिफोनलाही इतिहास असतो, आणि तो बांधणारेही हातच असतात. त्या हातांविषयी दोन शब्द बोलावे, एवढाच आमचा अधिकार.

ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले आणि १८८२ साली मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे एक्स्चेंजे सुरूही झाली. सहा वर्षांत समुद्र ओलांडून आलेले हे यंत्र मुंबईहून आमच्या किनाऱ्यावर, सामान्य माणसाच्या हातापर्यंत, यायला मात्र शंभर वर्षे लागली. १९४७ साली साऱ्या देशात लाखभर टेलिफोनही नव्हते. जे होते ते पेढीवर, कचेरीत आणि साहेबाच्या बंगल्यात. आमच्यासारख्यांसाठी पोस्ट होते, मनीऑर्डर होती, आणि तार होती. तार म्हणजे मरण, हे समीकरण आमच्या गावात इतके पक्के होते की तारवाला दिसला की बायका आधी रडायला लागत व मग कागद वाचून घेत. नोकरी लागल्याची तार आली तरी तेच!

टेलिफोन चाले कसा, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. जुन्या यंत्राला बाजूला दांडी असे. ती गरगरा फिरवली की एक्स्चेंजमधल्या फळ्यावर आपल्या नंबराची झडप पडे. समोर बसलेला ऑपरेटर एक दोरी आपल्या भोकात खुपसून "नंबर?" विचारी, आणि जोडीची दुसरी दोरी पाहिजे त्या भोकात घाली. हे गावातल्या गावात. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल आधी नोंदवावा लागे. साधा, अर्जंट आणि लायटनिंग अशा त्याच्या तीन जाती. अर्जंटला दुप्पट दाम, लायटनिंगला आठपट. एका गावचा ऑपरेटर पुढच्या गावच्या ऑपरेटरला हाक घाली, तो त्याच्या पुढच्याला, अशी ती हाक मुंबईला पोहोचे. तीन मिनिटांचा हिशेब. पावसाळ्यात माडाची एक झावळी तारेवर पडली की सारा मामला आटोपला.

आणि मुंबईत बोलायचे कोणाशी? चाकरमानी गिरणगावात, गावकऱ्यांच्या खोलीत. एकेका खोलीत पाळीपाळीने निजणारी माणसे. तेथे टेलिफोन कोठला? मग खाली वाण्याच्या दुकानाचा नंबर, त्यापुढे पी. पी. अशी दोन अक्षरे. आमच्या आईने तो सहा आकडी नंबर माजघराच्या दाराआड भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे वडीलही होते. पुष्कळजण गावी परतले, शेतीत राबले, होडीवर गेले. वडील मुंबईतच राहिले. गेटवर हजेरी लावायची आणि मिळेल ते काम करायचे. त्या आषाढात एका पहाटे आमची आजी वारली. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे. काकांनी आम्हांला बरोबर घेतले आणि भर पावसात सात मैल चालत आम्ही मालवणच्या पोस्टात पोहोचलो. मयत ठेवता येण्यासारखी हवा नव्हती. वडील वेळेवर पोहोचणार नाहीत हे ठरलेलेच होते. पण मुलाला कळवले पाहिजे.

अर्जंट कॉल नोंदवला. नऊ वाजता नोंदवलेली लाइन साडेबारा वाजता लागली. अशा वेळी "सिरियस आहे" एवढेच सांगायचा रिवाज होता, म्हणजे एकट्या माणसाला रात्रभराचा प्रवास झेपतो. काकांनी वाटेत तेच घोकले होते. आम्ही यंत्राला पलीकडून कान लावून उभे. काका ओरडले, वाणी म्हणाला, "काय? काय?" काका पुन्हा ओरडले. घरघर, कोणा दुसऱ्याचे बोलणे, मग पुन्हा "काय? काय?" पोस्टातली सारी माणसे आमच्याकडे पाहत होती. चौथ्या खेपेला काकांचा धीर सुटला आणि ते किंचाळले, "दादाक सांगा, आये गेली!"

तेवढ्यात मध्ये एका बाईचा आवाज आला. मुंबईच्या बाजूची ऑपरेटर. "थांबा, मी सांगते त्यांना." आणि तिने वाण्याला स्वच्छ आवाजात सांगितले, "त्यांची आई फार आजारी आहे. आजच्या गाडीने निघायला सांगा." वाण्याला ते ऐकू गेले. काकांच्या तोंडून निघून गेलेले सत्य तिने ऐकले होते, आणि तरी आमचा रिवाज तिनेच पाळला. ती आमच्याकडची होती की काय, कोण जाणे. तीन मिनिटे केव्हाच उलटून गेली होती. पावती मात्र तीनच मिनिटांची झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील एस.टी.तून उतरून आले ते हातात सहा मोसंब्यांची पिशवी घेऊन. संपाचा सहावा महिना. पैसे त्याच वाण्याकडून उसने घेतलेले. आजारी माणसाला मोसंबी लागतात. आईने पुढे होऊन ती पिशवी त्यांच्या हातातून घेतली.

असो.

पुढे आम्ही युनियनच्या कामात पडलो, तेव्हा सेवानिवृत्त झालेल्या काही ऑपरेटर भगिनींशी बोलण्याचा योग आला. तोपर्यंत आमचाही समज चारचौघांसारखाच होता, की ऑपरेटर म्हणजे उर्मट, गप्पा मारीत बसणारी. त्यांनी सांगितले ते निराळे. कानांवर दिवसभर यंत्राची पट्टी, वर हात करून दोऱ्या खुपसताना धरणारे खांदे, पाठीमागे फिरणारा पर्यवेक्षक. एका कॉलवर रेंगाळले की टिपण. आम्ही त्यांना आमची हकीकत सांगितली. एकजण म्हणाली, "असे निरोप आम्ही कितीतरी दिले. लक्षात कोणते ठेवायचे?" १९६० च्या जुलैत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा जो पाच दिवसांचा संप झाला, त्यात डाक-तार खात्याची माणसे होती. तेव्हा लाइन लागेना म्हणून बोटे मोडणाऱ्यांना त्यांची मागणी काय होती हे विचारायचे सुचले नसेल. जगण्यापुरते किमान वेतन, ही ती मागणी.

गंमत अशी की ऑपरेटरला बाजूला सारणारे यंत्र एका प्रेतयात्रेच्या धंद्यातल्या माणसाने काढले. अमेरिकेतल्या स्ट्रोजरने १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. गावची ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, असे सांगतात. मरणाची बातमी आणि टेलिफोन यांचे नाते असे आमच्या गावापुरतेच नाही!

आपल्याकडे ऑपरेटरशिवाय परगावी बोलण्याची सोय, म्हणजे एस.टी.डी., १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान प्रथम सुरू झाली. खेड्यांचे नशीब उघडायला १९८४ साली सी-डॉट निघावी लागली. तिने वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उकाड्यात चालणारे १२८ लाइनींचे लहान एक्स्चेंज बनवले. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते बसले. मग बाजारपेठांतून पिवळ्या पाट्यांचे बूथ उगवले. हे बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे, ही त्यातली चांगली गोष्ट. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून आमच्या युनियनचे सारे व्यवहार अकरानंतर चालत. लाल आकड्यांच्या मीटरकडे डोळे लावून आम्ही मुंबईच्या पुढाऱ्यांशी बोलत असू. वाक्य लांबले की खिसा चाचपायचा. आमच्या भाषणांत जो काही आटोपशीरपणा आहे तो तेथला. बूथवाल्याला आमच्या सर्व वाटाघाटी आधी कळत. त्याने त्या कधी बाहेर फोडल्या नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे.

३१ जुलै १९९५ रोजी देशात मोबाइलवरचे पहिले बोलणे झाले, आणि पुढे हळूहळू बूथ गेले. त्यांत बसलेल्या माणसांची कोणी युनियन बांधली नव्हती, आम्हीही नाही. ही आमची चूक आम्ही कबूल करतो. कोणी झेरॉक्सचे यंत्र घेतले, कोणी लॉटरीची तिकिटे विकली, काहीजण घरी बसले. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले.

आमच्या माजघरातला तो नंबर अजून आहे. मुंबईचे नंबर सहाचे सात आकडी झाले, सातचे आठ आकडी झाले. वाणी गेला, वडीलही गेले. दर दिवाळीला भिंतीला चुना लागतो, तेव्हा आई दाराआडची तेवढी वीतभर जागा सोडायला सांगते. गेल्या वर्षी रंगाऱ्याने विचारले, हा कोणाचा नंबर? आईने त्याला वाण्याचे नाव सांगितले.